भूतबंगल्यातला सांगाडा वेळेवर उठवताना

सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर भूतबंगला लावणारे एक अण्णा आहेत. रुळावरून सुटी सुटी गाडी आत जाते, गाडीत चौघं बसतात आणि आत अंधार, धूर, किंकाळ्या, उसळून उठणारा सांगाडा. माझं काम अँप्लिफायर-स्पीकर दुरुस्तीचं. संक्रांत जवळ आली तसा अण्णांचा फोन आला, "आवाज एकीकडं, भूत दुसरीकडं. पोरं हसत बाहेर येतात ओ!"

आत जाऊन पाहिलं. पूर्ण फेरीचा आवाज एकाच फाइलमध्ये भरलेला. गाडी सुटली की पोरगा बटण दाबायचा, पुढचं देवाच्या हवाली. दोन लहान मुलं बसली की गाडी आवाजाच्या पुढं पळते, चौघं धडधाकट बसले की मागं राहते. त्यात संध्याकाळी सगळ्या पाळण्यांचा लोड आला की व्होल्टेज पडतं आणि मोटर आणखी मंदावते. तिसऱ्या देखाव्यापर्यंत काही सेकंदांचा फरक पडायचा. किंकाळी कोऱ्या भिंतीसमोर आणि सांगाडा मुकाट्यानं उठतोय.

शहराच्या पूर्व भागात माझा एक मित्र पॉवरलूमचा फिटर आहे. त्याला सांगितलं, तर म्हणाला, "काय बे, मागाला घड्याळ असतंय का? धोटा कधी सुटायचा ते क्रँक शाफ्ट कुठं आलाय त्यावर ठरतंय. माग हळू चालव नाहीतर जोरात, धोटा चुकत नाही." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडं धावणारा तुकडा आणि क्रँक शाफ्ट म्हणजे मागाचा फिरता दांडा. सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं. किती सेकंद झाले ते विसरायचं, गाडी कुठं आहे तेच विचारायचं.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये १९६९ साली हाँटेड मॅन्शन हा भूतबंगला सुरू झाला. तिथल्या गाड्या साखळीसारख्या एकापाठोपाठ सारख्या अंतरावर, एका वेगानं चालतात आणि स्पीकर गाडीतच असतात. आमच्या सुट्या गाड्यांना ती चैन नाही. म्हणून फाइलचे तुकडे केले, प्रत्येक देखाव्याला वेगळा प्लेअर आणि स्पीकर दिला आणि रुळाशेजारी सेन्सर बसवले.

सेन्सरनंच सगळ्यात जास्त दमवलं. आडव्या प्रकाशकिरणाचा सेन्सर स्वस्त, पण धुरात तो आंधळा होतो, शिवाय कुणी हात बाहेर काढला तरी भूत उठतं. लोहचुंबक आणि रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की आपोआप जुळणारा स्विच, लावून पाहिले. त्या स्विचची काचेची नळी नाजूक, रुळाच्या हादऱ्यात टिकेना. शेवटी धातू जवळ आला की ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर घेतला. एमआयडीसीतल्या कुठल्याही फिटरला तो ओळखीचा. धूळ-धूर त्याला बाधत नाही, मात्र पल्ला जेमतेम ८ मिलिमीटर. गाडीची बॉडी स्प्रिंगवर डुलते, म्हणून लोखंडी पट्टी बॉडीला न लावता चाकाच्या आसाजवळ लावली. पट्टी थरथरली की एकच गाडी दोनदा मोजली जायची. एकदा इशारा मिळाला की पुढचा अर्धा सेकंद कानाडोळा करायचा, हे प्रोग्रामात घातलं.

खरी गंमत सांगाड्याची. तो हवेच्या दाबावर उठतो. व्हॉल्व्ह उघडणं, नळीत हवा भरणं, सिलिंडर सरकणं यात आमच्याकडं जवळपास ०.४ सेकंद जातात. गाडीचा वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर सेन्सर ४० सेंटिमीटर अलीकडं हवा. पण गाडी जड झाली की तो लवकर उठणार, म्हणजे पुन्हा जुनंच दुखणं! मग १ मीटर अंतरानं दोन सेन्सर लावले. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ लागला त्यावरून वेग काढायचा आणि इशारा तेवढा थांबवून द्यायचा. आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला, हे गणित म्हणजे किरकोळ.

आवाजाला थोडी ढील चालते. आवाज चित्राच्या आधी आला, तर साधारण ४५ मिलिसेकंदांतच खटकतो, उशिरा आला तर १२५ पर्यंत सहसा कळत नाही. निसर्गातही वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, त्यामुळं कान उशिराला सरावलेला. म्हणून किंकाळी मुद्दाम किंचित मागं ठेवली. स्पीकरचं अंतर मात्र डोक्यातून काढून टाकलं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तीन-चार मीटरला जेमतेम १० मिलिसेकंद.

एका बाबतीत मी अण्णांचं ऐकलं नाही. त्यांना सांगाडा आणखी पुढं झेपावलेला हवा होता. मी तो हाताच्या पल्ल्याबाहेरच ठेवला आणि व्हॉल्व्ह असा घेतला की वीज गेली तर स्प्रिंग सांगाड्याला मागं ओढते. गाडी अडकली तर तांबडं बटण दाबायचं. मोटर, आवाज, धूर बंद आणि बॅटरीवरचे साधे दिवे चालू. घाबरलेल्या माणसाला अंधारात किंकाळ्या ऐकवत ठेवणं ही करमणूक नव्हे.

गड्डा संपला की सगळं ट्रकवर चढून पुढच्या जत्रेला जातं. सोल्डर केलेली वायर तिथं कोण जोडणार? म्हणून प्रत्येक देखाव्याचा प्लग वेगळ्या रंगाचा, त्याच रंगाचा पट्टा पेटीवर आणि सेन्सरची जागा रुळाच्या तुकड्यावरच ऑइलपेंटनं मारलेली. जोडणी आता बटण दाबणारा तो पोरगाच करतो. मला फोन येतो तो फक्त धुराच्या मशीनसाठी.