चौदा अँप्युल

रात्री पावणेतीनला जीपमधून तिला उतरवली, तेव्हा आकडी नुकतीच थांबली होती. तोंडाला फेस, जीभ चावलेली. पहिलटकरीण, आठवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. बीपी १८०/१२०, लघवीत प्रोटीन तीन प्लस. म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून आलेली आकडी. "चार दिवस डोकं दुखतंय म्हणत होती, मला वाटलं उन्हाचं," आई सांगत होती.

अशा आकडीवरचं औषध मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्याच्या एका अँप्युलमध्ये, काचेच्या छोट्या कुपीत, १ ग्रॅम औषध असतं. पहिला डोस १४ ग्रॅमचा, म्हणजे चौदा अँप्युल फोडायच्या. चार अँप्युल १२ मिली सलाईनमध्ये मिसळून शिरेतून द्यायच्या, पाच मिनिटं तरी घेऊन, अगदी सावकाश. उरलेल्या दहा दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच, खोलवर. घाईत अँप्युलची मान वाकडी तुटते आणि बोट कापतं. माझं दोनदा कापलं.

पण आधी शीर मिळायला हवी ना! हात सुजून टम्म, त्यात ओटीभरणाचा हिरवा चुडा रुतलेला. कात्री उचलली तशी आई कळवळली, "सिस्टर, फोडू नका हो!" म्हटलं, "मावशी, फोडत नाही, वाढवते." काचा किडनी ट्रेमध्ये जमा केल्या.

१०८ आल्यावर मीही सोबत बसले. वाटभर गुडघ्यावर टिचकी मारून पाय उडतोय का बघायचं, श्वास मोजायचे, लघवीच्या पिशवीकडे नजर. मॅगसल्फ जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट सिरिंजमध्ये भरून हातातच धरलेलं. जिल्ह्याला सिझर झालं. मुलगा, १७०० ग्रॅमचा. दोघं आहेत.

मला झोप येत नाही ती तिच्या कार्डामुळे. पाच तपासण्या आणि पाचही वेळा बीपी ११०/७०. शेजारच्या रकान्यात वजन मात्र शेवटच्या महिन्यात चार किलोंनी वाढलेलं, म्हणजे अंगावर सूज. वजन खरं घेतलंय, बीपी वरचा बघून खाली उतरवलाय. सासरकडच्या उपकेंद्रातल्या बाईंना मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या.

मग आमचंच दर ९ तारखेच्या गरोदर बायकांच्या तपासणी शिबिराचं रजिस्टर काढलं. गेल्या पावसाळ्यात एका पानावर ओळीने अकरा जणींना ११०/७०. अक्षर माझं.

या ९ तारखेला प्रत्येकीला पाच मिनिटं बसवून मगच कफ बांधला. बाराव्या बाईला आशाताई दारातून ओरडल्या, "सिस्टर, बाहेर अजून साठ जणी आहेत, एसटी चुकेल त्यांची!"