बाकीचे शनिवार आणि कोलंबस

अ‍ॅन आर्बरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, आणि तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. डेट्रॉईट विमानतळावरून घरी नेताना भाच्यानं गाडीतच हे दोन आकडे ऐकवले. वर म्हणाला, "मामा, शनिवारी भाजी आणायला जायचं असेल तर आधी मॅच कुठे आहे ते बघायचं."

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे आपल्याकडच्या फुटबॉलचे संघ समोरासमोर आले की पेठेत काय वातावरण असतं ते लहानपणापासून बघत आलोय. त्यामुळे खेळासाठी वेडं झालेलं गाव मला नवं नव्हतं. नवा होता तो खेळ. हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून, दर पाच सेकंदांनी थांबणारा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, त्याचे सहा गुण. ते जमेना तर लाथ मारून खांबांमधून चेंडू काढायचा, तो फील्ड गोल, त्याचे तीन. एवढं कळलं की निम्मा खेळ कळतो. उरलेला निम्मा भाच्यालाही कळत नाही असा माझा संशय आहे, पण तो आरडाओरडा सगळ्याचाच करतो.

मी गेलो तो २०२४ चा सप्टेंबर. जानेवारीत मिशिगननं ह्यूस्टनला वॉशिंग्टनचा ३४-१३ असा फडशा पाडून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, पंधरापैकी पंधरा सामने जिंकून. त्याच महिन्यात कोच जिम हारबॉ व्यावसायिक संघाकडे, लॉस एंजेलिस चार्जर्सकडे, निघून गेले. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून हल्ला चालवणारा खेळाडू, जे. जे. मॅकार्थी याच्यासह तेरा खेळाडू व्यावसायिक संघांनी उचलले. हारबॉंचे सहायक शेरॉन मूर मुख्य कोच झाले. विद्यापीठाच्या संघाचं हे दुखणं कायमचंच. पोरं चार-पाच वर्षांत जातातच, आणि या वेळी जवळजवळ सगळी एकदम गेली होती. नव्या हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात टेक्सासनं घरच्या मैदानावर ३१-१२ असं धुतलं. मी पोचलो तेव्हा त्या पराभवाचं सुतक चालू होतं. किराणा दुकानातला माणूससुद्धा क्वार्टरबॅकबद्दल मत देत होता.

२१ सप्टेंबरला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ आला. लॉस एंजेलिसचा संघ मिशिगनच्याच गटात कसा, असं मी विचारलं, तर टीव्हीच्या पैशांची लांबलचक गोष्ट ऐकावी लागली. त्याच वर्षी पॅसिफिक किनाऱ्यावरची चार विद्यापीठं 'बिग टेन' या गटात आली होती, आणि 'टेन'मध्ये आता अठरा संघ आहेत.

सकाळपासून स्टेट स्ट्रीटवरून पिवळ्या-निळ्या कपड्यांची रांग स्टेडियमकडे निघाली होती. आसपासच्या घरांनी अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावून घेऊन पैसे कमवायला सुरुवात केली होती. पायोनियर हायस्कूलच्या पार्किंगमध्ये आणि समोरच्या गोल्फच्या मैदानावर गाड्यांच्या डिक्या उघड्या, शेगड्या पेटलेल्या, आणि माणसं खुर्च्या टाकून खात बसलेली. आपण निळी टोपी घातली असली की अनोळखी माणूसही "गो ब्लू!" म्हणतो आणि आपणही तेच म्हणायचं असतं. नमस्काराला नमस्कार, तसं. मला हे फार आवडलं. पुढं डेट्रॉईटच्या एका दवाखान्यातही एकानं मला "गो ब्लू" केलं.

स्टेडियम लांबून बघून मी जरा नाराजच झालो. एवढंच? आत शिरल्यावर कळलं, बहुतेक जागा जमिनीच्या पातळीखाली आहेत. रस्त्यावरून आत जायचं आणि एकदम पायाखाली खोल परडी उघडते. १९२७ सालचं हे स्टेडियम. ८ नोव्हेंबर १९७५ पासून इथे झालेल्या प्रत्येक सामन्याला लाखाच्या वर माणूस आलंय, करोनाचं वर्ष सोडून. बसायला ॲल्युमिनियमचे बाक, त्यावर नंबर, आणि एका नंबरची जागा कोल्हापुरी बांध्याच्या माणसासाठी काढलेली नाही. माझ्या शेजारी एक आजी होत्या. त्यांनी माझ्या अंगावर रेलून बसायची परवानगी एकदा मागितली, मग सामनाभर न विचारताच रेलून बसल्या.

आधी बँड. मग बोगद्यातून खेळाडू धावत येतात आणि मैदानावर धरलेल्या लांबरुंद निळ्या फलकाला उडी मारून हात लावतात. त्या क्षणी काय आवाज होतो ते लिहून सांगता येत नाही, पोटात ऐकू येतो. हेल्मेटवर पुढे पंख काढलेले, १९३८ पासून तसेच.

खेळ मात्र विचित्र झाला. क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स ऑर्जी अख्ख्या सामन्यात पास टाकून फक्त ३२ यार्ड मिळवू शकला. आताच्या काळात एवढ्यावर सामना जिंकता येत नाही, असं भाचा दर दहा मिनिटांनी म्हणायचा. मध्यंतराला आघाडी होती, शेवटाकडे ती गेली, २४-२० अशी. मग कालेल मलिंग्ज नावाच्या पोरानं, जो आधी बचावात खेळायचा, चेंडू घेऊन ६३ यार्ड धाव काढली. त्याला पाडायला आलेले निसटत गेले. शेवटी एक यार्ड राहिलं, चौथा आणि शेवटचा प्रयत्न. मलिंग्जनंच डोकं खाली घालून तो यार्ड काढला, तेव्हा घड्याळात ३७ सेकंद उरले होते. २७-२४. शेजारच्या आजींनी माझ्या पाठीत अशी थाप घातली की दुसऱ्या दिवशी दुखत होती.

मला वाटलं, गाडी रुळावर आली. पुढच्या शनिवारी मिनेसोटाविरुद्ध २४-३ अशी आघाडी असताना चौथ्या भागात २१ गुण खाल्ले आणि कसंबसं २७-२४ वर सुटले, तेव्हा भाचा हसला नाही. जिंकून हसत नाही म्हणजे त्याला काहीतरी दिसत होतं. मग वॉशिंग्टनला हरले.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गाडी काढून इलिनॉयला, शॅम्पेनला गेलो. भाच्याचा एक मित्र तिथे शिकतो, त्याच्याकडे मुक्काम. सहा तासांचा रस्ता, इंडियानापोलिसवरून. कापणी झालेली मक्याची शेतं, मध्येच एखादं धान्याचं उंच कोठार, पुन्हा शेतं. डोंगर नावाची वस्तू नाही. इंडियाना ओलांडलं की घड्याळ एक तास मागं घ्यायचं, एवढीच काय ती घडामोड.

शॅम्पेनचं मेमोरियल स्टेडियम मात्र बघण्यासारखं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या इलिनॉयच्या माणसांच्या आठवणीत बांधलेलं, आणि बाहेरच्या खांबांवर एकेकाचं नाव कोरलेलं. त्याचा लोकार्पण सामना १८ ऑक्टोबर १९२४ ला झाला, याच मिशिगनविरुद्ध, आणि रेड ग्रेंज या पोरानं पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले. शंभर वर्षं पुरी झाली म्हणून त्या दिवशी इलिनॉयचा संघ जुन्या धाटणीचे कपडे घालून उतरला. पाहुण्यांना बोलावून त्यांच्याच शंभर वर्षांपूर्वीच्या पराभवाचा वाढदिवस साजरा करायचा, ही खोडी मला मनापासून आवडली. ७७ नंबरच्या ग्रेंजच्या पुतळ्यापाशी फोटो काढायला रांग होती. भाचा रांगेत उभा राहिला नाही.

मिशिगननं त्या दिवशी तिसरा क्वार्टरबॅक उतरवला, जॅक टटल. सात गुण झाले. २१-७. थोड्या दिवसांनी डोक्याला बसलेल्या माराच्या इतिहासामुळे टटलनं खेळणंच सोडलं. आम्ही परतताना गाडीत कोणी बोललं नाही. मी एकदा "पुढच्या वर्षी बघू" म्हणालो, तर "मामा, अजून हे वर्ष संपलेलं नाही" असं उत्तर आलं, आणि ते आशेनं नव्हतं.

पुढचं भरभर सांगतो, कारण मलाही ते परत जगायचं नाही. मिशिगन स्टेटला हरवलं, ती शेजारची भांडणं. ओरेगननं घरी येऊन ३८-१७ असं मारलं. इंडियानानं २०-१५. इंडियाना म्हणजे वर्षानुवर्षं ज्यांना गृहीत धरायचं तो संघ, तो या विजयानं इतिहासात पहिल्यांदा दहापैकी दहा सामने जिंकलेला झाला. मिशिगनचे पाच जिंकलेले, पाच हरलेले. मग कडाक्याच्या थंडीत नॉर्थवेस्टर्नला ५०-६ असं हरवलं. एवढ्या गारठ्यात, एवढ्या हंगामात, तरी लाखाच्या वर माणूस होतंच. मला खरा अचंबा त्याचा वाटला. आपल्याकडे संघ दोनदा हरला की तिसऱ्या वेळी लोक खेळाडूंची आई-बहीण काढायला येतात. तेही प्रेमच असतं म्हणा.

उरला ओहायो स्टेट. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, ओहायोतल्या कोलंबसला.

माझे साडू कोलंबसला असतात. मूळचे मिरजेचे. त्यांची मुलगी ओहायो स्टेटमध्ये शिकते आणि बारा वर्षांचा मुलगा झोपतानाही लाल जर्सी काढत नाही. थँक्सगिव्हिंगला त्यांच्याकडे जायचं ठरलेलंच होतं. अ‍ॅन आर्बरहून महामार्ग २३ धरून तीन-साडेतीन तास, वाटेत टोलिडो लागतं. या टोलिडोच्या पट्ट्यावरून १८३५-३६ मध्ये मिशिगन आणि ओहायो यांनी एकमेकांवर फौजा काढल्या होत्या. मोठी लढाई झालीच नाही. टोलिडो ओहायोला गेलं, मिशिगनला भरपाई म्हणून वरचा द्वीपकल्प मिळाला आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. नंतर तिथे तांबं आणि लोखंड सापडलं, म्हणजे हरणाऱ्याचंच फावलं. सीमाप्रश्नावर कोल्हापूरच्या माणसाला काही शिकवायला नको, पण दोन राज्यांनी तो शेवटी हेल्मेट घालून सोडवायला घेतला हे मला नवीन होतं. दोन्ही संघ एकमेकांशी पहिल्यांदा खेळले १८९७ मध्ये.

शुक्रवारी साडूंच्या मुलीनं आवार दाखवलं. या आठवड्यात तिथे इंग्रजी 'एम' अक्षराला बंदी. इमारतींच्या पाट्यांवर जिथे जिथे 'एम' आहे तिथे लाल चिकटपट्टीची फुली. मी दिसेल त्या पाटीचा फोटो काढत सुटलो. ओहायो स्टेट तेव्हा देशात दुसऱ्या क्रमांकावर, आणि जाणकार म्हणत होते, वीसेक गुणांनी सहज जिंकतील. मिशिगनचे उत्तम खेळाडू, बचावातला विल जॉन्सन आणि पास झेलणारा कोल्स्टन लवलँड, दुखापतीनं बाहेर. क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरन, जो शाळेत असताना ल्युकेमियातून उठला होता आणि हंगामाच्या सुरुवातीला बाकावर बसवला गेला होता.

शनिवारी दुपारी बारा. साडूंच्या तळघरात मोठा टीव्ही, चिवडा, उरलेला टर्की आणि दहा-बारा लाल माणसं. निळे आम्ही दोघं. "पाव्हणं, टोपी काढून जेवा, घास गिळायला सोपं जाईल," साडू म्हणाले.

ओहायो स्टेटनं तीन गुणांनी सुरुवात केली आणि मग काहीतरी बिघडलं. मिशिगनच्या आमिर हॉलनं त्यांचा पास पळवला तो जवळजवळ त्यांच्याच रेषेपर्यंत, पाठोपाठ मलिंग्जचा टचडाउन. डॉमिनिक झ्वाडानं ५४ यार्डांवरून लाथ मारून तीन. मध्यंतराला १०-१०. तळघरातला आवाज कमी झाला. ओहायो स्टेटचे दोन फील्ड गोल हुकले. त्यांच्याकडे देशातले सगळ्यात वेगवान पोरं असताना ते पुन्हा पुन्हा मधोमध मुसंडी मारत होते, जिथे मिशिगनची दोन धिप्पाड पोरं, मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, उभी होती. हे मलाही दिसत होतं! साडू टीव्हीला मराठीतून सल्ला देत होते, तो छापण्यासारखा नाही.

शेवटच्या खेपेला मलिंग्ज २७ यार्ड पळाला. मग ४५ सेकंद राहिले असताना झ्वाडानं २१ यार्डांवरून चेंडू खांबांमधून काढला. १३-१०. वॉरननं अख्ख्या सामन्यात पास टाकून ६२ यार्ड मिळवले होते आणि दोनदा चेंडू गमावला होता. त्या दिवशी त्याच्याबद्दल कोणी अक्षर काढलं नाही.

भाचा ओरडला नाही. शांतपणे उठून त्यानं चिवड्याची वाटी भरून घेतली. बारा वर्षांचा पोरगा वर जाऊन खोलीचं दार लावून बसला.

पुढे टीव्हीवर जे दिसलं ते वाईट होतं. मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, धक्काबुक्की झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड झाला. जिंकलेल्यानं दुसऱ्याच्या अंगणात झेंडा रोवायला जाऊ नये, असं माझं मत मी तळघरातच सांगितलं. साडूंना ते पटलं, भाच्याला नाही.

डिसेंबरात मी कोल्हापूरला परतलो. ३१ तारखेच्या रात्री, इथे लोक फटाके आणत होते तेव्हा, टँपाच्या पावसात मिशिगननं अलाबामाला १९-१३ असं हरवलं. हंगाम संपला, आठ जिंकले, पाच हरले. ओहायो स्टेट मात्र बारा संघांच्या नव्या बाद फेरीत शिरला आणि एकेकाला लोळवत गेला. २१ जानेवारीच्या सकाळी मी चहा घेत असताना कुटुंबाच्या ग्रुपवर साडूंचा फोटो आला. अख्खं कुटुंब लाल कपड्यांत, खाली मोठ्या अक्षरात: नोत्र दामवर ३४-२३, राष्ट्रीय विजेते!

मिनिटाभरात भाच्याचं उत्तर आलं. फक्त "१३-१०".

साडूंनी काही लिहिलं नाही. त्यांच्या पोरानं लिहिलं: "२९ नोव्हेंबर. अ‍ॅन आर्बर."