ब्लॅकबर्नचा पतंग पाहायला माउईला जाणाऱ्यांसाठी

हवाईतल्या माउई बेटावर ब्लॅकबर्न स्फिंक्स हा पतंग (उडणारा कीटक) दाखवण्याचे एका वाटाड्याने माझ्याकडून १२० डॉलर घेतले आणि रात्री दिव्यापाशी टांगलेल्या चादरीवर जो पतंग दाखवला, त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना गुलाबी ठिपके होते. खऱ्या ब्लॅकबर्नचे ठिपके नारिंगी असतात. गुलाबी ठिपक्यांचा पतंग रताळ्याच्या वेलावर वाढणारा, वेगळाच असतो. पैसे देण्यापूर्वी एवढा फरक पाठ असू द्यावा.

पंख पसरल्यावर सुमारे १२ सेंटिमीटर भरणारा हा पतंग हवाई बेटांखेरीज कोठेही नाही. तो नामशेष झाला असे मानले जात असतानाच १९८४ मध्ये माउईच्या दक्षिणेकडील कनायो भागात पुन्हा सापडला आणि २००० पासून त्याला संकटग्रस्त प्रजाती म्हणून कायद्याचे संरक्षण आहे.

ला पेरूज उपसागरापासून निघणारी होआपिली वाट म्हणजे समुद्रकाठची सोपी फेरी, असे मला सांगण्यात आले होते. ते साफ चुकीचे आहे. किआवेच्या झाडांची सावली संपून वाट आत वळली की ‘आ-आ’ जातीच्या खडबडीत लाव्हाचा पट्टा लागतो. सह्याद्रीतला कातळ पायाखाली घट्ट असतो, इथला मात्र प्रत्येक दगड हलतो, आणि तोल सावरण्यासाठी हात टेकला तर तळवा सोलून निघतो, तसा माझा निघाला. जाड तळव्याचे बूट, हातमोजे आणि माणशी किमान ३ लिटर पाणी नसेल तर परत फिरावे, कारण पुढे पाणी नाही. ज्या माइआपिलोच्या फुलांवर हा पतंग येतो ती रात्री उमलतात, त्यामुळे एवढ्या यातायातीनंतर मला सकाळी कोमेजलेल्या पाकळ्याच दिसल्या. पतंगासाठी ही वाट करूच नये.

त्याऐवजी अळी शोधावी. तिचे मूळ खाद्य असलेली आइएआची झाडे विरळ झाल्यामुळे ती आता दक्षिण अमेरिकेतून आलेल्या, निळसर पानांच्या आणि पिवळ्या नळीदार फुलांच्या रानतंबाखूवर जगते. चौथ्या दिवशी कनायोजवळ रस्त्याच्या कडेलाच अशा झुडपावर बोटाएवढी जाड, शेपटीवर शिंग असलेली हिरवी अळी दिसली, तेव्हा सोललेल्या तळव्याची आठवणही राहिली नाही. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जोरदार पाऊस होऊन चार ते आठ आठवडे झाले असतील तेव्हा जावे आणि कुरतडलेली पाने आधी पाहावीत. अळीला हात लावू नये. झुडपाखालची माती तुडवू नये, कारण तिचा कोष त्या मातीत वर्षभरही राहू शकतो. डांबरी कडेवर उभे राहूनच फोटो काढावा.