भुरीला घर हवे आहे

भुरी ही कुत्री सध्या पुण्यात, वारज्याला, आमच्याकडे तात्पुरती राहते आहे. वय तीन वर्षांच्या आसपास (हा अंदाज डॉक्टरांनी दातांवरून बांधलेला), अंगलट मध्यम, रंग तांबूस, कानाला खाच. ती खाच पाहून पुष्कळ जण कळवळतात, पण ती नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची खूण असते आणि भुलीखालीच केली जाते. महामार्गालगत एका गाडीने तिला उडवले, त्यात मागचा पाय मोडला. शस्त्रक्रियेनंतर हाड जुळले. थंडीत सकाळी ती जराशी लंगडते, एरवी जिना सहज चढते.

बरी झाली आहे तर जिथली होती तिथे का सोडत नाही, हा प्रश्न रास्त आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी झालेले कुत्रे मूळ जागीच सोडायचे असते आणि बहुतेक गावठी कुत्र्यांच्या बाबतीत तेच योग्य असते, कारण त्यांना आपली हद्द, आपली माणसे आणि वाहनांचा धोका हे सगळे नेमके ठाऊक असते. भुरीला धोका कळतच नाही. कोणतीही स्कूटर थांबली की आपल्यासाठीच थांबली, अशा समजुतीने ती शेपूट हलवत थेट चाकापाशी जाते, आणि आता पाय अधू असल्यामुळे वेळेवर बाजूलाही होता येत नाही. ज्या स्वभावामुळे ती घरात सर्वांना आवडते, त्याच स्वभावामुळे रस्त्यावर तिचा निभाव लागणार नाही.

आल्यानंतर तिला गोचीड ताप निघाला आणि तीन-चार आठवडे डॉक्सिसायक्लिन द्यावे लागले. ही गोळी दह्यातून देता येत नाही, कारण दुधातल्या कॅल्शियममुळे ती अंगी कमी लागते. म्हणून आम्ही ती उकडलेल्या अंड्यात लपवत असू. भुरी अंडे मिटक्या मारत संपवायची आणि गोळी स्वच्छ चाटून फरशीवर ठेवायची. मग जबडा उघडून जिभेच्या मागे गोळी टाकावी लागे. तेव्हाही तिने कधी दात लावला नाही. उलट गोळी गिळून झाली की आमच्या नडगीवर सगळा भार टाकून उभी राहायची. डॉक्टरांच्या टेबलावरही ती अशीच वागते.

आता अवगुण. ओट्याच्या कडेला ठेवलेली पोळी ती लांबवते. मांजर दिसले की पट्ट्याला असा हिसका देते की घरातल्या वृद्धांनी तिला एकट्याने फिरवायला नेऊ नये. दोन-तीन तासांहून जास्त वेळ एकटी राहिली तर चपलांचे बंद कुरतडते. फटाके वाजू लागले की न्हाणीघरात जाऊन बसते. तेव्हा तिला ओढून बाहेर काढू नये.

फोन येतात, पण बहुतेकांना पिल्लू हवे असते. मोठे कुत्रे लळा लावत नाही, हा समज कुठून रूढ झाला कोण जाणे! खरे तर मोठ्या कुत्र्याची उंची, खोड आणि भूक आधीच माहीत असते, जे पिल्लाबद्दल कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. काहींना मुळशीकडच्या फार्महाऊसवर राखणीला कुत्रे हवे असते, म्हणजे शनिवार-रविवार लाड आणि उरलेले पाच दिवस साखळी. अशांना आम्ही स्पष्ट नकार देतो. ‘आमच्या सोसायटीत चालत नाही’ असे सांगणाऱ्यांसाठी एवढेच, की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही. भाड्याचे घर असेल तर मात्र घरमालकाची लेखी संमती आम्ही पाहतो.

भेटायला घरातल्या सगळ्यांनी यावे, विशेषतः ज्यांचा विरोध आहे त्यांनी. त्यानंतर आम्ही तुमच्याकडे येऊन बाल्कनीच्या गजांमधले अंतर, जाळी आणि दाराच्या कड्या पाहतो. नव्या घरी ती सुरुवातीला कदाचित जेवणार नाही, पलंगाखालून बाहेरही येणार नाही. एवढ्यावरून चौथ्या दिवशी परत आणू नये, निदान काही आठवडे थांबावे. तरीही जमले नाही, तर तिला आमच्याकडेच परत द्यायचे, दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायचे नाही, असे दत्तकपत्रात लिहिलेले असते. सुरुवातीचे काही महिने आम्ही दर आठवड्याला तिचा एक फोटो मागतो. काहींना हे जाचक वाटते, वाटू द्यावे.