चौथा पिक आणि रनिंग बॅकची चणचण

सिनसिनाटीतल्या आमच्या ऑफिसची फॅन्टसी लीग (खऱ्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंच्या कागदावर टीम करून त्यांच्या कामगिरीवर गुण मोजायचा खेळ) डायनस्टी पद्धतीची आहे. एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतो आणि दर मे महिन्यात फक्त एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, नव्याने आलेल्या पोरांचा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने निवड, होतो. 2021 साली माझा पिक, म्हणजे निवडीचा नंबर, चौथा होता. टीममध्ये वाइड रिसीव्हर (पास झेलणारे) बऱ्यापैकी होते, रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्यांच्या) नावाने मात्र बोंब होती.

गरजेच्या जागेचा खेळाडू घ्यायचा की सगळ्यात चांगला, याच प्रश्नावर त्या सुमारास आख्खं शहर भांडत होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये इथल्या बेंगल्स टीमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जो बरो याचा गुडघा गेला होता. त्याला वाचवायला लाइन, म्हणजे त्याच्यापुढची फळी, भक्कम हवी, तेव्हा एनएफएल ड्राफ्टमध्ये पाचव्या पिकला लाइनमधला टॅकल पेने सूलच घ्या, असं बरेच जण ठासून सांगत होते. बेंगल्सनी घेतला रिसीव्हर जमार चेस. लाइनसाठी मग दुसऱ्या राउंडमध्ये 38 व्या पिकवरून 46 व्यावर खाली सरकून त्याबदल्यात दोन जादा पिक पदरात पाडले आणि जॅक्सन कारमनला घेतलं. कारमन पुढे फारसा चमकला नाही, पण ते खाली सरकणं मला फार पटलं. लाइनमन त्यांना हवाच होता, पण त्यासाठी पाचवा पिक खर्चायची त्यांची तयारी नव्हती.

मी माझी यादी स्वतःच्या टीमकडे न बघता केली, तीही ड्राफ्टच्या बऱ्याच आधी. गरज डोळ्यासमोर असली की त्या पोझिशनचं नाव हात आपोआप वर सरकवतो. यादीत थर पाडले. एका थरातले खेळाडू साधारण तोलामोलाचे, तिथे गरज बघायची. थर बदलला की वरचाच घ्यायचा. रनिंग बॅक लवकर झिजतात, रिसीव्हर जास्त वर्षं टिकतात, हाही हिशोब थर पाडतानाच केला.

आमच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या तीन पिकला नाजी हॅरिस, चेस आणि काइल पिट्स गेले. वरच्या थरात उरला रिसीव्हर जेलन वॉडल. रनिंग बॅक ट्रॅव्हिस एटिएन आणि जवाँटे विल्यम्स माझ्या यादीत एक थर खाली होते. आधी खाली सरकायचा प्रयत्न केला, कुणी सौदा करेना. घड्याळ चालू होतं. वॉडलला घेतलं.

लीगमधल्या नागपूरच्या मित्राचा लगेच मेसेज, "काबे, तुझ्याकडे पळणार कोण?"

दुसऱ्या राउंडमध्ये रनिंग बॅक मायकल कार्टर घेतला. न्यूयॉर्क जेट्स टीमने त्याला एनएफएल ड्राफ्टच्या चौथ्या राउंडमध्ये उचललं होतं, पण त्यांच्याकडे बस्तान बसलेला रनिंग बॅक नव्हता, म्हणजे बॉल हातात येणार हे दिसत होतं.

एटिएन पाय दुखावून पूर्ण सीझन बाहेर बसला. ते मी माझ्या हुशारीच्या खात्यात धरत नाही, दुखापत कुणालाही होते. वॉडलने 104 कॅच घेतले, नवोदितासाठी तेव्हाचा विक्रम. बेंगल्स सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेले आणि तिथे 20-23 ने हरले. त्या सामन्यात बरोला सात वेळा पाडलं, म्हणून सूलवाले अजून वाद घालतात. मी आजही चेसच घेईन.

मला पाहिजे तो रनिंग बॅक ऐन सीझनमध्ये मिळाला. एका टीमचे रिसीव्हर जायबंदी झाले. वॉडलमुळे माझ्याकडे एक जास्तीचा होता, तो दिला आणि अदलाबदल केली.