पोराचे दात डागाळलेले दिसले की त्याला बोलू नका

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणीकडच्या पट्ट्यात बोरिंगचं पाणी पिणारी बरीच गावं आहेत, तिथल्या शाळेत तिसरी-चौथीच्या पोरांना आ करायला सांगा. काही पोरांच्या समोरच्या दातांवर खडूनं आडव्या रेघा ओढल्यासारखं दिसते, काहींचे तपकिरी डाग. आणि घरी त्यांना एकच बोलणं, "घासत नाहीस काय रे?" मग माय राखुंडी घेते, कोणी मीठ-लिंबू लावते, आणि हिरडी सोलेपर्यंत घासाघाशी. जीव तुटतो हो बघून.

तो डाग वरून लागलेला नाहीच तर घासून निघणार कसा? पक्क्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, हिरडीच्या आत तयार होते, दात दिसायच्या कितीतरी आधी. समोरचे वरचे दात येतात सातव्या-आठव्या वर्षी, पण त्यांचं इनॅमल बनते तान्हेपणापासून चार-पाच वर्षांपर्यंत, आणि त्याच काळात पोटात जाणाऱ्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की इनॅमल नीट भरत नाही, सच्छिद्र राहते. दात वर येतो तेव्हा पांढुरका, मग त्या बारीक छिद्रांत रंग मुरून तपकिरी होतो. म्हणजे आठ वर्षांच्या पोराला आपण तो दोन वर्षांचा असताना आपणच पाजलेल्या पाण्यावरून रागावतो.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा सोर्सच नसेल तर १.५, त्याच्यावर नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या बऱ्याच बोरचं पाणी त्याच्या वर जाते, कारण ते खोल खडकातून येते. उथळ विहिरीत बहुतेक वेळा कमी असते. आणि एक गोष्ट सगळ्या आयाबायांना सांगा, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते आणि ते दाट होते. उकळल्यानं जंतू मरतात, तेवढंच. आरओनं मात्र फ्लोराइड कमी होते.

पण प्रत्येक डाग फ्लोराइडचा नसतो बरं. फ्लोराइडचे डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे, पसरट असतात. एकाच दाढेवर कडा स्पष्ट असलेला पिवळा-तपकिरी चट्टा, बाजूचा दात चांगला, थंड पाणी लागलं की पोरगं कळवळते, एकाच बाजूनं चावते, तर तो वेगळा प्रकार. डॉक्टर लोक त्याला एमआयएच म्हणतात, म्हणजे दाढेचं, कधी समोरच्या दाताचंही, इनॅमल कच्चं राहणं; हे नाव २००१ मधलं. पहिल्या तीन वर्षांतल्या आजारपणाशी त्याचा संबंध असावा असं मानतात, पक्कं एक कारण सापडलेलं नाही. ही दाढ ठिसूळ असते, चावतानाच तिचे तुकडे निघतात आणि कीड पटकन लागते.

यात घात होतो तो असा की पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते, कोणताच दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटते दुधाचीच आहे, पडून जाईल, कशाला डॉक्टर. ती पडत नाही, तीच आयुष्यभराची. वेळेवर दाखवलं तर सिमेंट भरून नाहीतर स्टीलची टोपी बसवून वाचते, उशीर झाला तर दहा वर्षांच्या पोराची दाढ उपटावी लागते. म्हणून पोरगं सहा-सात वर्षांचं झालं की टॉर्च लावून मागे बघाच.

फ्लोराइडच्या हलक्या डागांनी दात दुखत नाही, पण आमच्या गल्लीतली एक पोरगी फोटो काढताना ओठ घट्ट मिटते, हसायचं असलं की ओढणी तोंडावर. तेही दुखणंच आहे ना? असे डाग दातांचे डॉक्टर वरचा पातळ थर घासून किंवा दाताच्या रंगाचं मटेरियल लावून बरेच झाकू शकतात. राखुंडीनं नाही. पेस्टमध्येही फ्लोराइड असते म्हणून ती बंद करायची गरज नाही, तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी द्या आणि गिळू देऊ नका.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना किटनं पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे, त्या किटमध्ये फ्लोराइडची तपासणी असते. ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या बोरचा आकडा किती. आणि जास्त निघाला तर गावात जे काही चांगलं पाणी असेल, विहिरीचं असो की आरओच्या कॅनचं, ते आधी आठ वर्षांखालची पोरं असलेल्या घरांना द्या. विहिरीचं असेल तर उकळून.