दोर, फक्की आणि फाऊल

कोकणात मुलांच्या फुटबॉल स्पर्धेचं उद्घाटन म्हणजे पाहुणे, नारळ आणि खिलाडूवृत्तीची शपथ. शपथेनं बिघडत काही नाही, पण पहिल्या वादग्रस्त थ्रो-इनला तिचा उपयोगही होत नाही. तिथे उपयोगी पडते स्पष्ट दिसणारी रेषा. मुलांचं मैदानावरचं वागणं बऱ्याच अंशी आदल्या दिवशी ठरतं, आणि ठरवतात ते आयोजक आणि सर.

जांभ्याच्या तांबड्या मैदानावर फक्की छान दिसते, पण पावसाची एक सर आली की वाहून जाते. चेंडू आत की बाहेर हे कुणालाच सांगता येत नाही आणि तिथून भांडण सुरू होतं. म्हणून फक्कीचं जादा पोतं कोरड्या जागी ठेवा आणि दोन सामन्यांच्या मध्ये रेषा पुन्हा मारायला एक माणूस नेमा. कळीचा चुना मात्र टाकू नका. ओल लागली की तो तापतो, डोळ्याला आणि खरचटलेल्या गुडघ्याला भाजतो. कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी नियमानं किमान दीड मीटर उंच हवी आणि तिचं टोक अणकुचीदार नको. आपल्याकडे बांबू कोयत्यानं तिरका छाटतात, ते टोक सपाट करून घ्या.

आता दोर. बाजूच्या रेषेपासून तीनेक मीटरवर काथ्याचा दोर बांधायचा आणि सगळे पालक एकाच बाजूला, दोराच्या मागे. समोरच्या बाजूला दोन्ही संघांचे सर आणि बदली खेळाडू. गोलच्या मागे कुणीही नको. तिथे उभा राहणारा माणूस दहा मिनिटांत गोलकीपरचा प्रशिक्षक होतो आणि वीस मिनिटांत रेफ्री. बाहेरून ‘पाड रे तेका!’ असं ओरडणाऱ्या काकांना तो नुसता उत्साह वाटतो, पण बारा वर्षांच्या मुलाला ती आज्ञा वाटते. तो पुढच्याच चेंडूला मागून पाय घालतो, कार्ड त्याला मिळतं आणि काका भजी खायला जातात. पालकांनी टाळ्या दोन्हीकडच्या चांगल्या खेळाला वाजवाव्यात, सूचना एकही देऊ नये. एवढं सामन्याआधी माइकवरून सांगितलेलं पुरतं.

सरांसाठी वेगळा धाक आहे. २०१९पासून नियमानं संघाच्या प्रशिक्षकालाही पिवळं किंवा लाल कार्ड दाखवता येतं. बाकावरून शिवी आली आणि कुणी दिली ते कळलं नाही, तर तिथे असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला कार्ड. हा नियम सरांच्या बैठकीत एकदा मोठ्यानं वाचला की बाक आपोआप सांभाळला जातो. रेफ्रीशी बोलायचं ते फक्त कप्तानानं, हेही तिथेच ठरवा. कप्तान गोलकीपर असेल तर मैदानातल्या एका खेळाडूचं नाव आधी द्यावं. त्यानं विचारायचं इतकंच, ‘सर, फाऊल कशाचा दिला?’ उत्तर मिळालं की मागे फिरायचं.

बाकावर बसून राहिलेलं मूल हा सगळ्यात दुर्लक्षित अन्याय. लहान मुलांच्या स्पर्धांत बदललेला खेळाडू पुन्हा मैदानात आणायची मुभा आयोजकांना देता येते, ती जरूर द्या. सात जणांचा संघ, पथकात दहा मुलं, सामना २० + २० मिनिटांचा, असं धरू. दहा मिनिटांचे चार टप्पे पाडले की एकूण २८ जागा होतात. आठ मुलांना प्रत्येकी तीन टप्पे, दोघांना दोन. पुढच्या सामन्यात त्या दोघांना आधी उतरवायचं. हा तक्ता आदल्या रात्री कागदावर हवा. शून्य-एक मागे असताना डोक्यात केलेला हिशेब नेहमी चांगल्या खेळाडूच्या बाजूनं चुकतो.

जखमी खेळाडूसाठी चेंडू मुद्दाम बाहेर मारायची रीत चांगल्या मनानं सुरू झाली, पण मुलांच्या सामन्यात तिच्यातूनच वाद होतात. बाहेर मारणाऱ्याला चेंडू परत मिळेल असं वाटतं, समोरच्या नव्या मुलाला ती रीतच ठाऊक नसते आणि तो थेट गोल करतो. मुलांना शिकवायचं ते हे की शिट्टी होईपर्यंत खेळा, थांबवायचं काम रेफ्रीचं. डोक्याला लागलं असेल तर रेफ्रीनं लगेच शिट्टी मारावी. नंतर ड्रॉप बॉल, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायला रेफ्री जमिनीवर टाकतो तो चेंडू, ज्यांच्याकडे आधी चेंडू होता त्यांच्याच एका खेळाडूला मिळतो, बाकीचे सगळे किमान चार मीटर लांब. खेळ पेनल्टी क्षेत्रात थांबला असेल तर चेंडू बचाव करणाऱ्या गोलकीपरकडे. म्हणजे सौजन्याची सोय नियमातच आहे. तरीही कुणी चेंडू बाहेर मारलाच, तर तो त्यांच्या गोलकीपरपर्यंत पोचवा. त्यांच्या कोपऱ्यात टाकून वर धावून जाणं हा लबाडपणा.

कडं, ताईत, कानातले डूल सामन्याआधी काढायला हवेत, वरून पट्टी चिकटवून चालत नाही. देवाचा दोरा ऐनवेळी कापायला लावला की घरचे दुखावतात, म्हणून निरोप आदल्या दिवशीच द्या. अनवाणी आणि स्टडवाली मुलं एकत्र खेळवू नका. मैदानावर सगळ्यांना बूट आणि नडगीला शिन गार्ड. किनाऱ्यावर ओहोटीच्या घट्ट वाळूत सगळे अनवाणी.

वयाची शंका असेल तर ती लेखी, आयोजकांकडे, सामन्याआधी मांडा. तेरा-चौदाच्या वयात एकाच वर्गातली दोन मुलं हातभर उंचीच्या फरकानं उभी असतात. मुलाकडे बोट दाखवून ‘हा मोठा आहे’ म्हणणं फार वाईट. तसंच सहा-शून्य पुढे असताना गोल टाळून नुसते पास फिरवत बसणं. त्यापेक्षा बचावातल्या मुलांना पुढे पाठवा आणि खरं खेळा.

गटात बरोबरी झाली तर चिठ्ठीच्या आधी शिस्तीचे गुण मोजा. २०१८च्या विश्वचषकात जपान असाच पुढे गेला: त्यांची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा. तिथला हिशेब पिवळ्याला वजा एक, दोन पिवळ्यांतून आलेल्या लालला वजा तीन, थेट लालला वजा चार असा होता. आयोजकांना वाटलं तर पिवळ्याबरोबर थोडा वेळ बाहेर बसवायची शिक्षाही ठेवता येते. ती एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के असावी, म्हणजे ४० मिनिटांच्या सामन्यात चार ते सहा मिनिटं.

रेफ्री बहुतेकदा त्याच गावातला कॉलेजचा पोरगा असतो. त्याचं मानधन पाकिटात घालून सामना सुरू व्हायच्या आधी द्या, निकालानंतर नको.